मदत हवी आहे: कर्क्युमिनच्या नॅनोकणांचा रिलीज (औषध बाहेर पडणं) ४८ तासांनी उलटा कमी दिसतोय

मंडळी, बेळगावात एम. फार्म.चा प्रोजेक्ट करतोय. हळदीतलं कर्क्युमिन ५०:५० पीएलजीएमध्ये (शरीरात हळूहळू विघटित होणारं पॉलिमर) भरलंय. ॲसिटोन आणि १ टक्का पीव्हीए (कण एकमेकांना चिकटू न देणारं पॉलिमर) वापरून नॅनोप्रेसिपिटेशन, म्हणजे द्रावणातून बारीक कण पाडणं. कण साधारण १९० नॅनोमीटरचे, इथवर ठीक.

घोळ रिलीजमध्ये आहे. डायलिसिस बॅग (कण आत ठेवून सुटं औषध बाहेर जाऊ देणारी पिशवी), पीएच ७.४ चा फॉस्फेट बफर, ३७ अंश. २४ तासांना ४१ टक्के औषध बाहेर आणि ४८ तासांना ३६! बाहेर आलेलं औषध परत आत तर जाणार नाही. कर्क्युमिन या पीएचला झपाट्याने विघटित होतं, तेच असणार असं वाटतं. ०.५ टक्के ट्वीन ८० (औषध विरघळायला मदत करणारा साबणासारखा पदार्थ) घातलं, उजेड लागू नये म्हणून फॉइल गुंडाळलं, काढलेल्या नमुन्याइतका ताजा बफर दर वेळी टाकला, हिशेबातही धरला. फरक थोडाच.

रीडिंग ४२५ नॅनोमीटरला यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर घेतो. एचपीएलसीची (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) पाळी आठवड्यातून एकदाच. खानापूरची शेवटची बस गाठायची असते, म्हणून रात्रीचे नमुने नाहीत. पीएच ५.५ करा असं सर म्हणतात, पण आम्हाला रक्तातली स्थिती दाखवायची आहे.

मग विघटन रोखायला बफरमध्ये ॲस्कॉर्बिक ॲसिड घालावं, की बॅगेत उरलेले कण ॲसिटोनायट्राइल या द्रावकात विरघळवून शिल्लक औषध मोजावं? आणि ॲसिड घातलं तर पीएच न ढळता किती चालेल?