यामाहाची आर१५ व्ही४ बाइक की तिचीच महाग आवृत्ती आर१५एम? की फरकाच्या पैशात एक्झॉस्ट?

घाटवळण: रोज पुण्यात, रविवारी ताम्हिणी घाट. एम घ्यावी, की साधी व्ही४ घेऊन फुल सिस्टम (इंजिनपासून सायलेन्सरपर्यंत अख्खा नवा एक्झॉस्ट) बसवावी?

चौथा_गिअर: भाऊ, इंजिन एकच आहे, १५५ सीसी, १८.४ पीएस. स्लिपर क्लच (झटकन गिअर उतरवताना मागचं चाक अडखळू देत नाही), ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू देत नाही) साध्या व्ही४लाही आहेत. एमचा खरा फायदा क्विकशिफ्टरचा, म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलतो, तोही फक्त वर गिअर टाकताना.

सायलेन्सरवाला: फुल सिस्टमने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) जातो. नुसता पाइप बदलला की मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज येतो, इंजिन तापतं. म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ट्यूनिंगचा खर्च वेगळा. बसवलाच तर इंजिन हेडला पाइप जोडतो तिथलं गॅस्केट नवं टाका, जुनं दबलेलं असतं, तिथून गॅस फुटतो. तिथले दोन्ही नट आधी हाताने, मग आलटून पालटून आवळा. ओ२ सेन्सरची (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरची) वायर पाइपला टेकू देऊ नका.

चौथा_गिअर: आणि कायदा! ८० ते १७५ सीसीला आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, शिवाय लायसन्ससाठी ३ महिने अपात्र. पुण्यात पोलीस असले सायलेन्सर काढून रोलरखाली चिरडतात.

सायलेन्सरवाला: माझं मत, साधी व्ही४ घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या टायरांत घाला. ताम्हिणीच्या ओल्या वळणांवर तेच कामी येतील.