बॉयलर गॅसवर घेतला, आता धुराड्यातून पाणी गळतंय – तातडीने मदत हवी

वैतागलेला_सचिव
मंडळी, इमारतीचा बॉयलर गॅसवर घेऊन तीन आठवडे झाले. आता धुराड्याच्या बुडातून तपकिरी पाणी झिरपतंय, भिंतीवर डाग पडलेत. बर्नर बसवणारा म्हणतो पावसाचं असेल. अहो, पाऊस पडून महिना उलटला! स्वच्छ इंधन म्हणून एवढा खटाटोप केला आणि हे काय? बॉयलर बंद ठेवता येत नाही, वरचे मजले गारठतात. लवकर सांगा.

फुंकणी
आधी कशावर चालायचा? नळाचा गॅस की एलपीजी? धुराडं विटांचं की पत्र्याचं? "गळतंय" एवढ्यावर कोण काय सांगणार?

वैतागलेला_सचिव
आधी तेल, आता नळाचा गॅस. धुराडं विटांचं, जुनंच. बॉयलरही तोच, फक्त बर्नर बदलला. यात विशेष काय?

जुना_फिटर
यातच सगळं आहे. गॅस जळला की पाणी तयार होतं. एक घनमीटर गॅसमागे दीड लिटरहून जास्त, वाफेच्या रूपात. जवळपास तेवढीच उष्णता देणाऱ्या एक लिटर डिझेलमधून याहून बरंच कमी. गॅसचा धूर साधारण ५५ अंशांच्या खाली गेला की त्या वाफेचं पाणी होतं. तुमच्या विटांच्या आत वर्षानुवर्षांची तेलाची काजळी आहे, तिच्यात गंधक. ती भिजली की आम्ल होतं आणि चुना-सिमेंटचे सांधे खातं. तपकिरी रंग त्याचाच. बर्नर बदलण्याआधी धुराडं साफ केलं होतं का?

वैतागलेला_सचिव
नाही. कोणी सांगितलंच नाही.

हिरवा_रावा
मुळात गॅसला स्वच्छ म्हणणंच चूक. गंधक आणि काजळी कमी, मान्य. पण उष्णतेच्या दर गिगाज्यूलमागे ५६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतोच, डिझेलचा ७४. शिवाय वाटेत मिथेन गळला तर ते वेगळंच. हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून पाणी तापवणारं विजेचं यंत्र, लावायला हवा होता.

लाकूडतोड्या
हीट पंपाला ३५-४५ अंशांचं पाणी सोयीचं. खोल्या तापवणाऱ्या जुन्या रेडिएटरना ७० लागतं, मग काय मिरवायचंय? लाकडाच्या पेलेट्सचा (भुसा दाबून केलेल्या गोळ्यांचा) विचार करा. दोन किलो पेलेट्स म्हणजे एक लिटर तेल. आम्ही वापरतो, राख नावाला.

हिरवा_रावा
आणि ते कोरडे ठेवायला अख्खी खोली लागते ते नाही सांगितलंत. ओले झाले की भुसा.

लाकूडतोड्या
आमच्याकडे एकदाही झाले नाहीत.

स्वप्नील_बर्नरवाला
बर्नर सारखा लॉकआउट होत असेल, म्हणजे आपोआप बंद पडत असेल, तर फोटोसेल बघा. तेलाची पिवळी ज्योत पाहणारा सेल गॅसच्या निळ्या ज्योतीला आंधळा असतो. निळी ज्योत ओळखणारा यूव्ही सेल किंवा आयनायझेशन रॉड हवा.

वैतागलेला_सचिव
लॉकआउट होतच नाही हो! पाणी गळतंय, पाणी!

हातचं_राखून
बुडाशी सिमेंट भरून टाका, गळायचं थांबेल. आमच्या गच्चीचं असंच थांबवलं.

जुना_फिटर
अजिबात करू नका. पाणी आत साठेल. भिजून सुटलेली काजळी आणि सांध्यांचा चुरा खाली पडून वाट अडली तर धूर खोलीत येईल. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म आजच लावा, डोकं दुखायला लागलं तर बॉयलर बंद करून बाहेर पडा. आता एकच सांगा, बॉयलरच्या पाण्याचं तापमान किती ठेवलंय?

वैतागलेला_सचिव
४८. आधी ७५ होतं. गॅस वाचावा म्हणून मीच कमी केलं. बिल खरंच कमी आलंय.

फुंकणी
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं!!

जुना_फिटर
सापडलं. ४८ म्हणजे रेडिएटरमधून बॉयलरकडे येणारं परतीचं पाणी ४०च्या आसपास, त्याने धूर गार होऊन वाफेचं पाणी होतं. एवढं थंड पाणी कंडेन्सिंग बॉयलरला (धुरातल्या वाफेचं मुद्दाम पाणी करून तिची उष्णता वापरणाऱ्या) चालतं, त्याचा आतला भाग तसा घडवलेला असतो आणि पाणी जायला नळी असते. तुमच्या जुन्या बॉयलरच्या आतही पाणी सुटत असणार, तो गंजेल. परत ७०-७५ करा. परतीचं पाणी ५५च्या वर राहिलं पाहिजे, सुरुवातीच्या थंड पाण्यात गरम पाणी मिसळायला मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा. धुराडं साफ करून आत स्टीलचा लायनर, म्हणजे धूर जायची आतली नळी, घाला. आणि धुराची मोजणी करून घ्या, ऑक्सिजन साधारण ३ टक्के असावा. बर्नर बसवताना मोजणीचा कागद दिला होता का?

वैतागलेला_सचिव
कसला कागद?

स्वप्नील_बर्नरवाला
_/\_

वैतागलेला_सचिव
अपडेट: तापमान ७२ केलं, चौथ्या दिवशी झिरपणं बरंच कमी झालं. सफाईवाल्याने पाच बादल्या ओली काजळी काढली, दोन विटाही निघाल्या. लायनरचं माप घेऊन गेलेत. बर्नरवाला आता म्हणतो, "मी तेव्हाच सांगणार होतो." अलार्म लावलाय. फिटरकाका, आभारी आहे.

लाकूडतोड्या
जुनी तेलाची टाकी काढली की तशीच पडून आहे? तळाचा गाळ आधी काढून घ्या, गळली तर जमीन खराब होते. जागा मोकळी झाली तर पेलेट्सचा साठा तिथे छान मावेल.