मुंबईत गाडीसाठी स्वस्तातला जीपीएस: तिकडचा डबा इथे चालेल का?

प्रेषक: शिल्पा

नमस्कार मंडळी,

मी जानेवारीपर्यंत पार्ल्याला आहे. प्रश्न बाबांच्या गाडीचा आहे. बाबा ७४ चे, गाडी अजून स्वतः चालवतात आणि छान चालवतात, पण गेल्या पाच-सहा वर्षांत मुंबईचे रस्ते इतके बदललेत की कुठला पूल चालू आणि कुठला बंद याचा त्यांना पत्ता लागत नाही (हे ते कबूल करणार नाहीत ते सोडा). फोनवर मॅप लावून दिला तर मध्येच कुणाचा तरी कॉल येतो, मॅप गायब, मग ते वैतागून फोनच बंद करून टाकतात. २०१३ ला अमेरिकेत माझ्याकडे एडिसनला आले होते तेव्हा माझ्या गाडीत काचेला चिकटवलेला जीपीएस त्यांनी बघितला होता, तेच डोक्यात बसलंय, "तसला डबा आण, ज्याच्यावर फोन येत नाही".

तर तोच डबा मी ड्रॉवरमधून शोधून बॅगेत टाकून आणलाय, पण इथे लावला तर पंधरा मिनिटं झाली तरी नुसते उपग्रह शोधत बसतो. बिघडला का? का नवीनच घेऊ? बजेट पाच-सहा हजार, फार तर सात.

शिल्पा

---

प्रेषक: मंदार

शिल्पा, लगेच भंगारात टाकू नकोस. आधी सांग लावलास कुठे? सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडीत बसून बघत असशील तर डोक्यावर स्लॅब आहे, जन्मात लागणार नाही. कमीत कमी चार उपग्रह दिसावे लागतात आणि ते वीस हजार किलोमीटरवरून येणारं अगदी क्षीण सिग्नल.

दुसरं म्हणजे तो डबा शेवटचा एडिसनला बंद झालाय, तर चालू केल्यावर त्याला वाटतं आपण अजून तिकडेच, त्यामुळे तिकडच्या आकाशातले उपग्रह इथे शोधत बसतो. वर त्याच्याकडचं पंचांग जुनं. पंचांगच म्हणायचं त्याला, कुठला उपग्रह कधी कुठे असेल याचं कोष्टक प्रत्येक उपग्रह स्वतःच पाठवत असतो पण इतक्या हळू की अख्खं उतरायला साडेबारा मिनिटं लागतात, आणि मध्ये सिग्नल तुटलं तर आणखी. फोनला हे सगळं इंटरनेटवरून मिळतं म्हणून तो लगेच लागतो. तेव्हा जुहू चौपाटीला ने, आकाश मोकळं आहे, चार्जर लावून अर्धा तास ठेव आणि भेळ खा.

लागला की तारीख बघ. जीपीएसमध्ये आठवडे मोजायचा आकडा १०२३ पर्यंतच जातो, मग परत शून्य. ते ६ एप्रिल २०१९ ला झालं. सॉफ्टवेअर अपडेट केलेलं नसेल तर काही जुने डबे त्यानंतर १९-२० वर्षं मागची तारीख दाखवतात.

पण खरा घोळ पुढेच आहे. तुझ्या डब्यात नकाशा अमेरिकेचा. भारत म्हणून नुसते दोन-चार हायवे दिसतील, पार्ल्याची गल्ली विसर. गार्मिन कंपनीचा असेल तर ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून केलेला) भारताचा नकाशा फुकट मिळतो, मेमरी कार्डावर टाकायचा. पत्ता शोधायला अगदी टुकार आहे, पण रस्ते दिसतात.

मंदार

---

प्रेषक: वसंतकाका

मंडळी, मी २०२३ ला कायमचा ठाण्याला परत आलो तेव्हा हाच शहाणपणा केला होता म्हणून लिहितो. एका दुकानातून वापरलेला डबा घेतला, दुकानदार म्हणाला साहेब इंडियाचा मॅप आहे आत. होता ना! कुठल्या सालचा ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. पहिल्याच आठवड्यात अंधेरीला त्याने मला सरळ गोखले पुलावर घातला. तो पूल नोव्हेंबर २०२२ पासून बंद होता हे बाबांना विचार, पार्लेकरांनी ते चांगलंच भोगलंय. मागे रिक्षांची रांग, पुढे पत्रे, आणि डबा शांतपणे सांगतोय सरळ जा. उपग्रह सगळे सापडले होते हो, जागा अगदी बरोबर दाखवत होता. नुसतं पुढे रस्ता नव्हता!

तो पूल झाला तर इतर बंद झाले. सायनचा रेल्वेवरचा पूल ऑगस्ट २०२४ ला, एल्फिन्स्टनचा सप्टेंबर २०२५ ला. आणि नवीन किती आलं बघा, कोस्टल रोड, अटल सेतू दोन्ही २०२४ चे. जुन्या नकाशात हा सगळा नुसता समुद्र आहे. म्हणून मुंबईत स्क्रीन पाच इंची का सात इंची हे विचारूच नका, नकाशा कधीचा आणि नवा कसा मिळणार एवढंच विचारा. तो मिळत नसेल तर फुकट मिळालेला डबाही महाग.

शिवाय नावांची गंमत. एमजी रोड टाका, फोर्टला आहे, घाटकोपरला आहे, मुलुंडला आहे, कांदिवलीला आहे. गोखले रोड दादरला पण आणि आमच्या नौपाड्यात पण. तिकडे झिपकोड टाकला की काम झालं. इथे देवळासमोर, बँकेच्या मागे, अमक्या डेअरीच्या गल्लीत.

आणि जेजे फ्लायओव्हर. वर आहात का खाली हे डब्याला कळत नाही, उंचीचा अंदाज तेवढा पक्का नसतो. फोनवरच्या गुगल मॅपने २०२४ पासून फ्लायओव्हर घ्या म्हणून आधीच सांगायला सुरुवात केली, मॅपमायइंडियाच्या मॅपल्स ॲपमध्ये फाट्याचं चित्र येतं, ते फार उपयोगाचं. हे डब्यात कुठून आणणार.

वसंतकाका

---

प्रेषक: नीलिमाताई

अगं शिल्पा, तुझी मेल मी दोनदा वाचली. बाबांना डबा नकोच आहे गं. त्यांना फोन न येणारं काहीतरी हवंय! मग एक वापरलेला फोन घे ना, सिम न घालता. कोण करणार कॉल? जीपीएसला सिम लागत नाही, नुसतं ऐकायचं काम आहे. घरच्या वायफायवर मुंबई-ठाणे-नवी मुंबईचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेव. ऑरगॅनिक मॅप्स नावाचं ॲप पण ठेव, ते अख्खंच ऑफलाइन चालतं. ट्रॅफिक आणि बंद रस्ते मात्र इंटरनेटशिवाय कळणार नाहीत, त्यासाठी बाबांच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून तो खिशात राहू दे. कॉल खिशात वाजेल, मॅप समोर राहील.

चलानाची भीती घालतील कुणी तर, रस्ता बघण्यापुरता फोन वापरायला ऑक्टोबर २०२० च्या नियमात परवानगी आहे, लक्ष विचलित न होता. हातात धरून नाही हां. स्टँड लाव.

जाताजाता सगळ्यांनाच, डिसेंबरमध्ये येणाऱ्यांनी ट्रेकिंगचे ते सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारे इनरीच वगैरे बॅगेत आणू नका. गाडीतला जीपीएस नुसता ऐकतो, ते बोलतं, आणि इथे परवानगीशिवाय ठेवणं गुन्हा आहे. विमानतळावर लोकांना अडवलंय त्यावरून.

नीलिमा

---

प्रेषक: शिल्पा

ताई, तुम्ही महान आहात. वापरलेला फोन साडेपाच हजारात मिळाला, स्टँड चारशे. पहिला स्टँड डॅशबोर्डला चिकटवला तो दुपारच्या उन्हात सुटून बाबांच्या पायाशी, मग एसीच्या जाळीत अडकवायचा घेतला. त्याने फोनही तापत नाही.

काल शिवडीहून अटल सेतूने उरणला जाऊन आलो. जुना डबा चौपाटीवर पंचवीस मिनिटांनी लागला होता (भेळ दोन प्लेट झाली मंदार), तर बाबांच्या हट्टापायी तोही लावला. फोन व्यवस्थित रस्ता सांगतोय आणि शेजारी डब्यात आमची गाडी निळ्या समुद्रातून पोहत चाललीये. बाबा इतके हसले की मी म्हटलं गाडी बाजूला घ्या, पण तिथे थांबायला परवानगी नाही.

मग म्हणाले तुझा डबा खोटारडा आहे, काटा ९० वर आणि हा ५६ दाखवतोय. मैलात होता. किलोमीटर करून दिले, आता म्हणतात काट्यापेक्षा हाच खरा, काढायचा नाही गाडीतून. मंदार, ते ओपनस्ट्रीटमॅपचं कार्डावर कसं टाकायचं सांग आता.

शिल्पा

---

प्रेषक: मंदार

कार्डावर गार्मिन नावाचा फोल्डर कर आणि त्यात उतरवलेली नकाशाची फाइल टाक, नाव बदलू नकोस. टाकण्याआधी बाबांना विचार मात्र, समुद्रातून पोहणं बंद होईल.