24 भाग झाले तरी दोघांचं काही पुढं सरकेना, मधे काय लिहू?

चादरवाला_पोरगा

नमस्कार मंडळी. वर्षभर इथं नुसतं वाचायलोय, आज पहिल्यांदा तोंड उघडतोय, सांभाळून घ्या.

एक प्रेमकथा लिहायलोय, आपल्या सोलापुरातलीच, दर रविवारी एक भाग ऑनलाइन टाकतो. श्रीनिवास म्हणून एक जण आहे, साखर पेठेत राहतो, घरी तेलुगू, चादरीच्या कारखान्यात जेकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचे, पत्ते पंच करतो, म्हणजे चौकटीच्या कागदावर डिझाइन काढायचं आणि त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची. सुवर्णा तिथंच हिशेबाला आहे, जुळे सोलापूरहून स्कूटीवर येते, घरी कन्नड. पहिल्यापासून ठरवलेलं की हे लगेच जमवायचं नाही, तिसऱ्या भागात नजरानजर आणि पाचव्यात आय लव्ह यू असलं मला लिहायचंच नव्हतं, हळूहळू चढत गेलं पाहिजे असं डोक्यात होतं.

तर आता 24 भाग झालेत आणि दोघं अजून "मॅडम" आणि "श्रीनिवासदादा" वरच आहेत. भाग 11 मधे पावसात रजिस्टर देताना हाताला हात लागला, त्या भागाला सगळ्यात जास्त लाईक आले, आणि खरं सांगतो मीच घाबरलो की आता पुढं काय दाखवायचं, म्हणून भाग 13 मधे तिला ट्रेनिंगला पुण्याला पाठवून दिली. सहा भाग ती पुण्यात. परत आल्यापासून दोघं चहा पितात, बोलतात, घरी जातात. खाली कमेंट यायलेत "अजून किती ताणणार", "मालिका काढायचा विचार आहे का". कबुली मी शेवटच्या भागासाठी राखून ठेवलीय, भाग 40 ला. तोपर्यंत वाचक टिकवायचा कसा? मधे काय घालू? एखादा दुसरा मुलगा आणू का तिला बघायला?

कडक_भाकरी

काल रात्री बसून सगळे 24 वाचले, सकाळी डबा करायला उशीर झाला, त्याचं पाप तुझ्या डोक्यावर.

दुसरा मुलगा बिलकुल आणू नकोस. प्रॉब्लेम स्पीडचा नाहीच. 13 ते 18 हे सहा भाग न वाचता मी 19 वर उडी मारून बघितली, काहीही अडलं नाही. ज्या भागाशिवाय गोष्ट चालते तो भाग कशाला लिहिलास बाबा. तुझ्या भागांत भेटी भरपूर आहेत, पण भेट झाल्यावर काही बदलत नाही. हात लागला ना भाग 11 ला? मग 12 मधे दोघं काय करतात, तर आदल्या दिवशी जसे वागत होते तसंच. अरे दुसऱ्या दिवशी तिनं रजिस्टर त्याच्या हातात न देता नुसतं टेबलावर ठेवलं असतं ना, मी तिथंच मेले असते. एवढंसं. त्याला कळलं असतं, तिला कळलं असतं, शेजारी बसलेल्याला काही कळलं नसतं, आणि मी पुढचा रविवार मोजत बसले असते. हळू म्हणजे काही न होणं नाही रे, छोटं छोटं होणं, पण झालेलं परत फिरवता येणार नाही असं.

आणि सगळ्यात आधी ते "दादा" बघ. पहिल्या भागात तू तिच्या तोंडी सहज घातलंस, आता ते 24 भाग गळ्यात पडलंय. आपल्याकडं एकदा दादा म्हटलं की विषय संपतो, माहितीय ना?

गावठी_ड्रॅगन

फॉलो करतोय, माझी तर नायिका भाग 6 पासून एसटी स्टँडवरच उभी आहे 😭

निवृत्त_मास्तर

"दादा" अडचण आहे हे खरं, पण ती काढून टाकू नये असं मला वाटतं, उलट वापरावी. एके दिवशी ती दादा म्हणायचं टाळते. त्याच्या जागी दुसरं काही म्हणत नाही, नुसतं टाळते. मराठीत हे फार छान जमतं. "चहा होणार का?", "जेवण झालं का?", "उद्या सुट्टी आहे म्हणे", अशा वाक्यांत तू पण नाही आणि तुम्ही पण नाही. लग्न ठरलेली मुलंमुली फोनवर आठवडाच्या आठवडा अशी कसरत करायची, आम्हीही केली आहे. चार-पाच भाग ती अशी बिनसर्वनामाची बोलली तर लक्षपूर्वक वाचणाऱ्याला आपोआप कळेल, आणि मग एकदा चिडून, प्रेमाने नव्हे बरं का, चिडून, तिच्या तोंडून "तुला अक्कल आहे का" निघून जाऊ दे. त्या एका "तुला"चं वजन पानभर वर्णनाला येत नाही. तुझ्या गोष्टीत तर तीन भाषा आहेत, तू-तुम्हीला तेलुगूत नुव्वु आणि मीरु, कन्नडमधे नीनु आणि नीवु, म्हणजे दोघांच्याही घरी हा जिना आहेच, कोण कुठल्या पायरीवर आहे ते दाखवत जा.

दुसरं, कबुली 40 व्या भागाला ठेवली आहेस तिथंच सगळं अडलं आहे. जेन ऑस्टिनची प्राइड अँड प्रेज्युडिस घे, 1813 साली आलेली, 61 प्रकरणं. नायक पहिल्यांदा मागणी घालतो 34 व्या प्रकरणात, आणि नायिका त्याला सपशेल झिडकारते. दुसऱ्या दिवशी तो तिच्या हातात पत्र ठेवतो, ती ते पुन्हा पुन्हा वाचते, आणि तिथून तिची नजर बदलायला लागते. होकार 58 व्यात. म्हणजे सांगून टाकल्यावर आणखी 24 प्रकरणं, आणि खरी गंमत तिथंच आहे, कारण आता दोघांनाही माहीत आहे आणि तरी समोरासमोर यायचं आहे. तू बोलणं शेवटाला बांधून ठेवलंस म्हणून मधे चहाशिवाय काही उरलं नाही. बोलू दे त्याला 26 व्या भागात. चुकीच्या वेळी, चुकीच्या शब्दात.

तिसरी_पाळी

मी 11 वर्षं जॉबर होतो लका, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारा, तर प्रेमाचं हे लोक सांगतील, मी कारखान्याचं सांगतो.

भाग 7 मधे श्रीनिवास चालू मागाशेजारी तिच्याशी "हळुवार आवाजात" बोलला. कुठल्या कारखान्यात बे? चार माग चालू असले तरी शेजारच्याचं ऐकू येत नाही, आम्ही हातवारे करून आणि ओठ बघून बोलतो, कानाशी जाऊन ओरडावं लागतं. उलट हेच वापर की, तो तिला शेडमधे जे मनात येईल ते बोलू शकतो, कुणालाच ऐकू जात नाही, तिला पण नाही. फक्त तिला हळूहळू ओठ वाचता यायला लागलेत हे त्याला माहीत नाही.

कापूस कुठंय? शेडमधून बाहेर आलेल्या माणसाच्या केसात भुवयांत कापूस असतोच. पहिल्यांदा ती नुसतं बोट दाखवून सांगेल "केसात कापूस आहे". दहा भागांनी पर्समधला आरसा पुढं करेल. मग कधीतरी स्वतः काढेल. एकच गोष्ट तीनदा, दरवेळी थोडी जवळून.

आणि पत्ते पंच करतो म्हणतोस तर मग चूक कर ना त्याच्याकडून! पत्त्याला एक भोक चुकलं की डिझाइन जितक्या वेळा फिरेल तितक्या वेळा तिथंच डाग, प्रत्येक चादरीत तोच. ती दारात उभी होती, याचं लक्ष नव्हतं, भोक चुकलं, माल गेला. आता नुकसान मांडायचं कुणी, तर हिशेबवालीनं. त्याच्या पगारातून कापायचं का मालकापासून लपवायचं, बस बोंबलत.

ते ताणाबाणा म्हणजे जीवनाचे धागे वगैरे भाग 1 मधलं मात्र काढ, चादरीवर लिहिणारा प्रत्येक जण तेच लिहितो.

कडक_भाकरी

@तिसरी_पाळी अहो तुम्ही लिहा की एखादी कथा 😄 पगाराचं एकदम पटलं. मी म्हणत होते लाईट जाऊन माग अचानक बंद पडावेत आणि हा ओरडून बोलत असलेलं वाक्य सगळ्यांना ऐकू जावं, पण फार फिल्मी होईल ना?

तिसरी_पाळी

होऊ दे की. फक्त प्रेमाचं वाक्य नको. तो ओरडून विचारत असेल "आज डब्यात काय होतं". अख्खी शेड बघायला लागली पाहिजे.

पाणी_आलं_का

उशिरा आले पण राहवलं नाही म्हणून लिहिते. गोष्ट सोलापुरातली आणि 24 भागांत एकदाही ऊन नाही?? एकदाही पाणी गेलं नाही? ती जुळे सोलापुरात राहते आणि रोज वेळेवर कामाला येते, ही कुठली मुलगी, आमच्याकडं चार-पाच दिवसाआड पाणी, ज्या दिवशी यायचं त्या दिवशी घरातलं एक माणूस नळाशी बांधलेलं असतं. तिच्या भागात पाणी कधी येणार हे त्याला पाठ झालंय, आणि त्या दिवशी तो न सांगता तिचं सकाळचं काम उरकून ठेवतो, एवढं दाखव, मी समजून घेईन काय ते. गुलाब बिलाब नको.

तुझ्या गोष्टीला महिनेच नाहीत म्हणून ती लांबलेली वाटते. एका गड्ड्यापासून, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेपासून, पुढच्या गड्ड्यापर्यंत बसव ना. पहिल्या यात्रेत दोघं वेगवेगळ्या घोळक्यात, ओळख पण नाही, हा बाराबंदी, तो यात्रेतला पांढरा पोशाख, घालून नंदीध्वजाच्या म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठीच्या मागं असेल, ही संमती कट्ट्याजवळ, जिथं अक्षता पडतात तिथल्या गर्दीत, अक्षता मुठीत धरून. मधे उन्हाळा, मग पाऊस, मग हुरडा, आणि परत जानेवारी, परत तेच सात नंदीध्वज, तोच कट्टा, आणि आता तिला गर्दीत एकच माणूस शोधायचाय. वाचणाऱ्याला वर्ष गेल्याचं कळतं, लेखकाला "दिवसामागून दिवस जात होते" लिहावं लागत नाही. तसंही आपल्या सोलापूरकरांना थांबलेल्या प्रेमाचं कौतुक आहेच, अक्षता कुणाच्या लग्नाच्या टाकतो आपण? कुंभारकन्येला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं, ते योगी, म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी. बाराव्या शतकातली गोष्ट आणि दर संक्रांतीला लाखभर माणूस अजून त्याच लग्नाला जातं.

एका गोष्टीवर मात्र मास्तरांशी माझं जमत नाही. 26 ला तो बोलला तर तिनं नाही म्हणायला खरं कारण पाहिजे. गैरसमज नको हं, पाच मिनिटं बसून बोलले तर मिटेल असलं काही निघालं की मी वाचणं सोडते. घरी कन्नड आणि घरी तेलुगू हे तू पहिल्या भागात लिहिलंस आणि नंतर त्याचं काहीच केलं नाहीस. तिच्या घरी काय म्हणतील? त्याच्या आईला ती आवडेल का? तिला तिथं जाऊन दोन शब्द तेलुगू तरी बोलता येतील का? अडथळा तिथं आहे, शोधायला पुण्याला जायची गरज नव्हती.

निवृत्त_मास्तर

मान्य. कारण खरंच हवं, तेवढं माझ्या लिहिण्यात राहून गेलं.

चादरवाला_पोरगा

बाप रे, मंडळी, दुपारी जेवायच्या सुट्टीत वाचायला घेतलं आणि भाकरी तशीच राहिली. पुण्याचे सहा भाग उडवतो, त्यातलं तिनं आईला केलेल्या फोनचं तेवढं ठेवतो, बाकी लाज वाटायलीय आता. दादा ठेवतो आणि भाग 25 पासून ती ते म्हणायचं बंद करते. 26 ला पत्त्याचं भोक चुकणार, तो बोलणार, आणि बोलणार ते पगार कापायचा विषय चालू असताना, म्हणजे तिला वाटणार हा पैसे वाचवायला गोड बोलतोय. हा गैरसमज धरला जाईल का @पाणी_आलं_का? थोडाच आहे, खरं कारण खाली घरचंच ठेवतो.

@तिसरी_पाळी एक विचारायचं होतं, चूक पहिल्यांदा दिसते कुणाला? मागावरच कळतं का?

तिसरी_पाळी

कामगाराचं लक्ष असेल तर मागावरच. नाहीतर घडी घालायला बसलेल्या बायकांना. एकीवर एक चादर ठेवत जातात ना, तिसऱ्या चौथ्या चादरीला त्याच जागी डाग दिसला की हात थांबतो.

चादरवाला_पोरगा

अरे देवा. त्याची आईच घडी घालायला आहे तिथं, भाग 2 मधे मीच लिहिलंय आणि नंतर पार विसरून गेलो.

कडक_भाकरी

रविवार नको, शनिवारी टाक.