कन्सोलमधल्या वॉर्निंग्ज लपवायच्या की मुळापासून काढायच्या?

कंसबंद (धागाकर्ता)

डेव्हटूल्स (ब्राउझरमधली डेव्हलपरची साधनं) उघडले की पान रांगायला लागतं आणि त्यातला कन्सोल, म्हणजे संदेशांची खिडकी, वॉर्निंग्जच्या पिवळ्या ओळींनी भरून जातो. अशी तक्रार आली की हमखास सल्ला मिळतो: लेव्हलच्या (संदेशांच्या प्रकारांच्या) यादीत 'वॉर्निंग्ज'वरची खूण काढून टाका. मला हा सल्ला घातक वाटतो.

फिल्टर लावल्याने ओळ दिसेनाशी होते, संदेश तयार व्हायचा थांबत नाही. 'कन्सोल.वॉर्न' दर वेळी चालतंच. तो संदेश कुठून आला याचा कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ही साखळी) गोळा होतो, डेव्हटूल्सकडे पाठवला जातो, साठवला जातो. स्क्रोलच्या हँडलरमध्ये (स्क्रोल झालं की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) अशी एकच ओळ असली तरी बोट फिरवताक्षणी शेकडो संदेश जमतात. त्यात ऑब्जेक्ट छापला असेल तर आणखी पंचाईत. पुढे कधीतरी तो उलगडून बघता यावा म्हणून कन्सोल त्याचा संदर्भ धरून ठेवतो, त्यामुळे गार्बेज कलेक्टरला (नको असलेली मेमरी साफ करणाऱ्या यंत्रणेला) ती मेमरी मोकळी करता येत नाही. कन्सोल साफ करेपर्यंत टॅब फुगत जातो, आणि आपण बसतो आपल्या कोडमधली मेमरीची गळती शोधत.

म्हणून माझं म्हणणं: वॉर्निंग्ज शून्यावर आणा. नवी आली तर बदल पुढे जाऊ देऊ नका.

मोजपट्टी

असहमत. शून्याचा हट्ट ऐकायला छान वाटतो, पण कन्सोलमधल्या बऱ्याच ओळी आपल्या नसतातच. 'सोर्स मॅप (आटोपलेला कोड मूळ कोडशी जोडणारी फाइल) लोड करता आला नाही' हा संदेश कित्येकदा ब्राउझरमधल्या एक्स्टेन्शनच्या फाइलबद्दल असतो. आयफ्रेममधली (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानातली) जाहिरात, पेमेंटचा विजेट, नकाशा, सगळे आपापलं बडबडत असतात. ते मी कसं दुरुस्त करू?

फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८० ने सेमसाइट कुकीजचे, म्हणजे दुसऱ्या साइटवरून कुकी कधी पाठवायची याचे, नियम कडक केले. त्या काळात दुसऱ्यांच्या कुकीजबद्दलच्या इशाऱ्यांनी कन्सोल नुसता भरून जायचा आणि साइटच्या मालकाच्या हातात काहीच नसायचं. त्याच वर्षी क्रोम ८४ मध्ये 'इश्यूज' हा वेगळा टॅब आला, तो कन्सोलमधली ही गर्दी कमी व्हावी म्हणूनच. खुद्द ब्राउझर बनवणाऱ्यांनी इशारे कन्सोलबाहेर हलवले, मग मी फिल्टर लावला तर बिघडलं कुठे?

दुसरं, शून्याच्या नादात लोक भलतंच करतात. रिअ‍ॅक्टमध्ये (पानाचे भाग बांधायच्या लायब्ररीत) यादीतल्या घटकांना वेगळी 'की', म्हणजे ओळखीची खूण, द्या अशी वॉर्निंग येते. ती घालवायला 'मॅथ.रँडम' (यादृच्छिक आकडा) लावलेला कोड मी पाहिलाय. वॉर्निंग गेली, पण प्रत्येक रेंडरला (पान नव्याने आखताना) की बदलते, म्हणून अख्खी यादी पाडून पुन्हा उभी केली जाते. इनपुटमधलं टाइप केलेलं पुसलं जातं ते वेगळंच.

कंसबंद

तुमचं रँडमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे वॉर्निंग समजून न घेता तिचं तोंड बंद केलं गेलं. डेटामधला कायमचा आयडी की म्हणून दिला असता तर वॉर्निंगही गेली असती आणि पानही सुधारलं असतं.

परक्या ओळींबद्दल मात्र मान्य. पण त्यासाठी सगळ्या पिवळ्या ओळी झाकायची गरज नाही. 'सिलेक्टेड कॉन्टेक्स्ट ओन्ली' लावा, आयफ्रेम आणि एक्स्टेन्शनचे बरेचसे संदेश गळतात. फिल्टरच्या चौकटीत वजाचं चिन्ह देऊन ठरावीक स्क्रिप्टची यूआरएल वगळता येते. सोर्स मॅपची तक्रार आपल्याच फाइलबद्दल असेल तर मॅप सर्व्हरवर ठेवा, नाहीतर बिल्डमध्ये (वापरासाठी तयार केलेल्या कोडमध्ये) त्याचा उल्लेखच काढा. 'इश्यूज' टॅबनेही इशारे फेकून दिले नाहीत, वर्गवारी करून मांडले. लेव्हलच बंद करणं याला मी वर्गवारी म्हणणार नाही.

उघडझाप

दोघंही वॉर्निंग्जवर भांडताय, पण डेव्हटूल्स उघडल्यावर येणारा मंदपणा पुष्कळदा वॉर्निंग्जमुळे नसतोच.

आधी नेटवर्क पॅनेलमधलं 'डिसेबल कॅश' बघा. डेव्हटूल्स उघडे असेपर्यंत ते लागू राहतं, म्हणजे प्रत्येक रिफ्रेशला सगळ्या फाइल्स नव्याने उतरतात. 'प्रिझर्व्ह लॉग' (रिफ्रेश केल्यावरही जुन्या नोंदी ठेवणारी सोय) चालू ठेवून दिवसभर एकच टॅब वापरला की जुन्या संदेशांचा आणि रिक्वेस्टचा ढीग साचत जातो. कन्सोलच्या वर पिन केलेलं लाइव्ह एक्स्प्रेशन (ज्याची ताजी किंमत सतत दिसते असा कोडचा तुकडा) दर २५० मिलिसेकंदांनी पुन्हा तपासलं जातं. त्यात मोठा डीओएम (पानातल्या सगळ्या घटकांचं झाड) शोधायला लावला असेल तर मग विचारायलाच नको. सतत फिरणाऱ्या लूपमध्ये अट घालून ठेवलेला एखादा ब्रेकपॉइंट (कोड थांबवायची खूण) राहून गेला असेल तर ती अट दर फेरीला तपासली जाते. प्रॉमिसेसचा (नंतर पूर्ण होणाऱ्या कामांचा) भरणा असलेल्या कोडमध्ये असिंक स्टॅक ट्रेसही (अशा कामाची सुरुवात कुठून झाली याच्या नोंदी) जड पडतात, सेटिंग्जमध्ये ते बंद करता येतात.

माझा क्रम असा: डेव्हटूल्स बंद ठेवून पान वापरून बघा. तरीही मंद असेल तर दोष कोडचा. फक्त उघडल्यावर मंद होत असेल तर एक्स्टेन्शन नसलेल्या नव्या प्रोफाइलमध्ये उघडा आणि मग एकेक सोय बंद करत चला. हे न करता वॉर्निंग्ज पुसत बसलात तर दोन आठवडे गेले तरी वेग होता तिथेच राहील.

आणि 'व्हर्बोज' लेव्हल चालू करून 'व्हायोलेशन'च्या (काम फार लांबल्याच्या) ओळी पाहून घाबरणाऱ्यांना विनंती: ती लेव्हल मुळात बंद असते. टाइमरच्या हँडलरला इतके मिलिसेकंद लागले, हे सांगणारा तो आकडा डेव्हटूल्सच्या ओझ्यासकट मोजलेला असतो.

कंसबंद

क्रम उत्तम आहे, मीही तिथूनच सुरुवात करेन. पण व्हायोलेशन उडवून लावू नका. आकडा फुगलेला असेल, कारण खोटं नसतं. 'फोर्स्ड रिफ्लो' म्हणजे स्टाइल बदलून लगेच 'ऑफसेटहाइट' (घटकाची उंची) विचारली आणि ब्राउझरला तिथल्या तिथे लेआउट (पानाच्या मांडणीचा हिशोब) करावा लागला. लूपमध्ये हे प्रत्येक घटकासाठी घडलं तर ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला मिळणारे जेमतेम १६.७ मिलिसेकंद कधीच संपतात. आधी सगळी मापं वाचून घ्या, नंतर सगळे बदल लिहा. ओळ जाते आणि डेव्हटूल्स बंद असतानाही पान हलकं होतं. पॅसिव्ह नसलेल्या, म्हणजे स्क्रोल अडवू शकणाऱ्या, लिसनरचंही (स्पर्शासारख्या घटनेवर चालणाऱ्या फंक्शनचंही) तेच. क्रोम ५६ ने २०१७ मध्ये विंडो, डॉक्युमेंट आणि बॉडीवरचे टच लिसनर आपणहून पॅसिव्ह केले, पण इतर घटकांवर ते काम अजून आपलंच आहे.

पानउलट

एवढा खल कशाला? प्रॉडक्शन बिल्डमध्ये (वापरकर्त्यांकडे जाणाऱ्या कोडमध्ये) सगळे कन्सोल कॉल काढून टाका. टर्सर आणि ईएसबिल्ड या कोड आटोपणाऱ्या दोन्ही साधनांत तशी सोय आहे.

मोजपट्टी

सरसकट नको. 'लॉग' काढा, 'एरर' आणि 'वॉर्न' राहू द्या. एखाद्याच्या मशीनवर पान अडलं तर त्याने पाठवलेल्या कन्सोलच्या स्क्रीनशॉटवरूनच कितीतरी दोष सापडतात. शिवाय विकास करताना जाणवणारा मंदपणा प्रॉडक्शन बिल्डने जात नाही.

कंसबंद, आपल्या कोडपुरतं शून्य मला पटतंय. पण नव्या वॉर्निंगला बदल अडवायचा, हे अजूनही नाही. लायब्ररीची आवृत्ती वाढवली की 'हे फंक्शन पुढे बंद होणार' अशा सूचना एकदम येतात. त्या दिवशी सुरक्षेची दुरुस्ती अडकून पडायला नको.

कंसबंद

अशा सूचनांसाठी अपवादांची यादी ठेवा: प्रत्येक ओळीपुढे कारण, आणि ती कोण कधी काढणार तेही. सुरक्षेची दुरुस्ती त्या यादीसकट त्याच दिवशी जाऊ द्या. यादीत नाव नसलेली वॉर्निंग मात्र मी अडवणारच.