काउंटरवरून हलण्याआधी

ताई: बाबांना विमानात का घेतलं नाही हे सगळे वेगवेगळं विचारताय, म्हणून इथे ग्रुपवरच एकदा सविस्तर लिहिते. बाबा घरी आहेत, तब्येत चांगली आहे. हर्नियाच्या ऑपरेशनला २३ दिवस झाले होते आणि सर्जननी प्रवासाला तोंडी होकार दिला होता. विमानतळावर चालणं जास्त होईल म्हणून आम्ही व्हीलचेअर मागितली. चेक-इनच्या रांगेत बाबांना ठसका लागला. सवयीने त्यांनी पोटावर हात दाबून धरला, शर्ट वर सरकला आणि आतला पट्टा दिसला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "ऑपरेशन झालंय का?" हो म्हटलं. ती आत गेली, पाच मिनिटांनी परत आली आणि म्हणाली, "सर, तुम्हाला पाठवता येणार नाही." संपलं. ना कोणी नाडी बघितली, ना कागद मागितला.

आत्या: अगंबाई! मग तुम्ही काहीच बोलला नाहीत?

ताई: बोललो गं आत्या, पण बाबांचा चेहरा इतका उतरला होता की मला त्यांना आधी घरी न्यायचं होतं. तीच चूक झाली. दोन दिवसांनी रिफंडसाठी लिहिलं, तर उत्तर आलं की तुमचं तिकीट 'नो-शो' आहे. म्हणजे आम्ही विमानतळावर आलोच नाही! एक तास तिथे उभे होतो आम्ही.

मोठे काका: बेटा, वाईट वाटलं. पण दुसरी बाजूही बघ. हवेत कोणाची तब्येत बिघडली तर विमान वाटेत उतरवावं लागतं, बाकी सगळे प्रवासी अडकतात आणि त्या माणसाचा जीव जातो तो वेगळाच. तिकीट काढलं म्हणून कंपनीने कोणालाही न्यावंच असं नाही. शेवटचा शब्द कॅप्टनचा असतो आणि तो असायलाच हवा.

डॉक्टर मामा: काकांचं म्हणणं बरोबर आहे. विमान ३५ हजार फुटांवर असलं तरी आतली हवा साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असते तशी ठेवलेली असते. धडधाकट माणसाच्या रक्तातलं ऑक्सिजनही तिथे थोडं खाली येतं. शरीरात कुठे हवा अडकली असेल तर ती जवळजवळ ३० टक्के फुगते. म्हणून फुप्फुसाभोवती हवा साचलेली असेल किंवा पोटाचं मोठं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर आम्हीच थांबा म्हणतो. ताजं प्लास्टर असेल तर एक-दोन दिवस थांबायचं, नाहीतर ते उभं चिरून घ्यायचं, कारण आत पाय सुजतो. पण २३ दिवसांचा हर्निया, ताप नाही, दम लागत नाही? 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची वैद्यकीय मार्गदर्शिका पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर साधारण १० दिवस धरते. मी तपासलं असतं तर बहुधा पाठवलं असतं.

मोठे काका: पण त्या मुलीला हे कसं कळणार?

डॉक्टर मामा: तिला कळावं अशी अपेक्षाच नाही. म्हणून तर डॉक्टरला विचारायचं. बऱ्याच कंपन्या अशा वेळी जमिनीवरच्या वैद्यकीय सेवेला फोन करून सल्ला घेतात. शंका येणं चूक नाही. शंकेवरच निकाल दिला, ते चूक.

दादा: इथे युरोपात मी हा नियम वाचून काढला होता, आईच्या प्रवासाच्या वेळी. २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम आहे. तिकीट पक्कं असून चढू दिलं नाही तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई. पण 'चढू न देणं' याच्या व्याख्येतच लिहिलंय की तब्येत किंवा सुरक्षिततेचं रास्त कारण असेल तर ते यात धरायचं नाही. सगळा खेळ त्या 'रास्त' शब्दावर आहे. कंपनीने कारण दिलं एवढ्याने ते रास्त ठरत नाही, वाद झाला तर कोर्ट बघतं.

आत्या: आणि आपल्याकडे?

दादा: आपल्याकडे २०२२ च्या मे महिन्यात रांचीला एका अपंग मुलाला विमानात घेतलं नव्हतं, आठवतंय? तो अस्वस्थ झाला होता म्हणून. डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, त्या कंपनीला ५ लाखांचा दंड केला आणि जुलैत नियम बदलला. अपंगत्वाच्या कारणावरून नाकारता येत नाही. प्रवासात तब्येत बिघडेल असं कंपनीला वाटलं तर डॉक्टरने तपासायचं, माणूस प्रवासाला योग्य आहे की नाही हे डॉक्टरने स्पष्ट सांगायचं, मग कंपनीने ठरवायचं. आणि नाकारलं तर कारण लगेच लेखी द्यायचं.

ताई: बाबा अपंग कुठे आहेत पण?

दादा: तो नियम ज्यांना चालणं-फिरणं अवघड आहे त्यांच्यासाठीही आहे, मग ते वयामुळे असो की आजारामुळे. व्हीलचेअर तुम्ही आधीच नोंदवली होती ना? तो तुमचा मुद्दा. तक्रारीत पहिल्या ओळीत लिही.

ताई: हे तेव्हा माहीत असतं तर मी दोनच वाक्यं बोलले असते. "डॉक्टरला बोलवा" आणि "हे लिहून द्या".

डॉक्टर मामा: आणि तिसरं म्हणजे ड्युटी मॅनेजरला भेटायचं. तिकिटावर काय नोंद केली ते काउंटर सोडण्याआधी विचारून घ्यायचं, 'नो-शो' लावू नका असं सांगायचं. लिहून देत नसतील तर तिथेच उभं राहून कंपनीला ईमेल करायचा, म्हणजे त्यावर वेळ पडते. भांडू नका मात्र. आवाज चढला की तब्येतीचा प्रश्न बाजूला पडतो आणि वागणुकीचा होतो, मग आपली बाजू गेली.

छोटी: मामा, माझा ३० वा आठवडा चालू आहे. मला पुढच्या आठवड्यात जायचंय. अडवतील?

डॉक्टर मामा: एकच बाळ आहे आणि सगळं नीट आहे, त्यामुळे ३६ आठवड्यांपर्यंत बहुतेक कंपन्या घेतात. जुळं असतं तर ३२. पण २८ नंतर डॉक्टरचं पत्र मागतात. कंपनीच्या साइटवरची अट आजच वाच. पत्रात किती आठवडे, अपेक्षित तारीख, गुंतागुंत नाही आणि 'विमानप्रवासास हरकत नाही' हे शब्द हवेत. तारीख, सही, रजिस्ट्रेशन नंबर. पत्र जुनं नको. अमेरिकेच्या नियमात तर कंपनी मागते ते वैद्यकीय प्रमाणपत्र निघण्याच्या दिवसाआधी १० दिवसांच्या आतलं लागतं.

दादा: अमेरिकेत आणखी एक चांगलं आहे. प्रत्येक कंपनीला अपंग प्रवाशांच्या तक्रारीसाठी एक अधिकारी ठेवावाच लागतो, विमानतळावर नाहीतर फोनवर. आणि नाकारलं तर १० दिवसांत लेखी कारण. संसर्गजन्य आजारामुळे एखाद्याला थांबवलं तर ९० दिवसांत त्याच भाड्यात जाता येतं, नाहीतर पैसे परत.

मोठे काका: मग आता बाबांसाठी काय करायचं?

ताई: तक्रार लिहितेय. व्हीलचेअरच्या नोंदणीचा मेसेज आहे, पार्किंगची पावती आहे, आणि रांगेत मी बाबांचा फोटो काढला होता, त्यात मागे काउंटर नंबर आणि घड्याळ दिसतंय. आम्ही आलो होतो हे त्यावरून तरी कळेल. पैसे मिळाले तर ठीक. मला ते 'नो-शो' पुसून हवंय.

आत्या: पुसूनच घे. शाब्बास.

डॉक्टर मामा: पुढच्या वेळी कंपनीचा मेडिफ फॉर्म, म्हणजे प्रवाशाच्या तब्येतीची माहिती देणारा फॉर्म, आधीच भरू. तो त्यांच्या डॉक्टरांकडे जातो, मग काउंटरवर कोणाला अंदाज करायची वेळच येत नाही. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी पोचला पाहिजे. ऑक्सिजनचं मशीन नेणाऱ्यांनी तर नक्कीच. प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या बॅटऱ्या मागतात ते.

बाबा: सगळं वाचलं. त्या मुलीवर माझा राग नाही, तिला भीती वाटली असेल. मला कोणी तपासलं असतं आणि मग नाही म्हटलं असतं, तर मी निमूट परत आलो असतो.

मोठे काका: हो रे. हे मला पटलं.

बाबा: पुढच्या महिन्याचं तिकीट काढ.

ताई: काढते बाबा. मामा, उद्या सकाळी बाबांना घेऊन येते. तुम्हीच तपासा, पत्र द्या आणि मेडिफही भरून द्या.