लहान विमानतळांमधले अंतर किलोमीटरमध्ये सांगावे की मिनिटांत?

धागाकर्ता:
दोन लहान विमानतळांमधले अंतर शोधले की बहुधा दोन आकडे समोर येतात: हवाई अंतर २५० किमी, उड्डाणाची वेळ ३० मिनिटे. पहिला आकडा खरा असतो, दुसरा मात्र नुसता भागाकार असतो. गोलाकार पृथ्वीवरचे सर्वांत जवळचे अंतर घ्यायचे आणि त्याला एटीआर-७२ सारख्या विमानाच्या ताशी सुमारे ५०० किमी वेगाने भागायचे, एवढेच. इतक्या छोट्या मार्गावर विमान तो वेग जेमतेम गाठते, तोच उतरण्याची तयारी सुरू होते. अशाच एका प्रवासात मी घड्याळ लावून पाहिले. विमानतळाला समांतर टॅक्सीमार्ग नसल्याने विमान धावपट्टीवरूनच रांगत दुसऱ्या टोकाला गेले, तिथे वळले आणि समोरून वारा मिळावा म्हणून आम्हाला जायचे होते त्याच्या विरुद्ध दिशेला उडाले. दार बंद होण्यापासून उघडेपर्यंत ५६ मिनिटे गेली. म्हणून अशा मार्गांसाठी किलोमीटर देऊच नयेत. जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ, ज्याला ब्लॉक टाइम म्हणतात, तेवढाच द्यावा.

प्रतिसाद १:
असहमत. वेळ विमानागणिक, धावपट्टीगणिक आणि वाऱ्यागणिक बदलतो, अंतर बदलत नाही. ताशी ५० किमीचा वारा मार्गाच्या रेषेत असला, तर तुमचे २५० किमी जाताना २७ मिनिटांत आणि येताना ३३ मिनिटांत कापले जातील, तेही चढ-उतार सोडून. मग यातली ‘खरी’ वेळ कोणती? भागाकार चुकीचा वापरला जातो म्हणून भाज्यच काढून टाकणे हा काही उपाय नव्हे.

प्रतिसाद २:
मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे. स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांतील वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे लोगनएअरचे उड्डाण जगातील सर्वांत छोटे नियमित उड्डाण मानले जाते. अंतर सुमारे २.७ किमी, वेळापत्रकात २ मिनिटे, आणि वारा अनुकूल असताना नोंदलेला विक्रम ५३ सेकंदांचा. म्हणजे वेळापत्रकातला वेळ विक्रमाच्या दुपटीहून जास्त! इथे किलोमीटरवरून प्रवासी काय अंदाज बांधणार? शिवाय इंधनाचा शेवटचा राखीव साठासुद्धा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांत मिनिटांतच मोजला जातो: टर्बाइन विमानांसाठी ३० मिनिटे.

प्रतिसाद १:
राखीव साठा मिनिटांत असतो, कारण ते इंधन घिरट्या घालण्यासाठी असते, आणि घिरट्यांना अंतर नसतेच. प्रवासाचे इंधन काढताना मात्र मार्गाची लांबी लागते. आणि वेस्ट्रेचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे: ५३ सेकंद आणि २ मिनिटे यांतला फरक तुम्हाला इतका ठळक दिसला, कारण ते २.७ किमी दोन्ही वेळा तेवढेच होते.

धागाकर्ता:
हा मुद्दा मान्य, पण अर्धाच. अंतर राहू द्या, मात्र ‘सरळ रेषेत’ हे शब्द त्याला जोडून हवेत, कारण प्रत्यक्ष मार्ग आगमनाच्या वळणांमुळे लांबतोच. भागाकाराने काढलेल्या त्या ३० मिनिटांबाबत मी हटणार नाही. पुढचे विमान गाठायचे असलेला माणूस त्याच आकड्यावर विसंबतो आणि इथे तो जवळजवळ अर्ध्या तासाने फसतो.